जांभळ्या पानांचा चहा कपात जांभळा का दिसत नाही?

नाशिकच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. भावाने चीनमधल्या कुनमिंगहून 357 ग्रॅमची चहाची गोल वडी आणली. वेष्टनावर जांभळ्या पानाचं चित्र, आत काळपट पानं गच्च दाबलेली. दुकानदाराने ‘जांभळ्या पानांचा कच्चा पुअर’ म्हणून दिली (पुअर म्हणजे चीनच्या युनान प्रांतातला, बहुधा वडी दाबून मुरवायचा चहा). ताईंनी लिंबाएवढा तुकडा मोडून किटलीत टाकला, वर बोअरचं उकळतं पाणी ओतलं आणि चार मिनिटं झाकून ठेवलं. कपात उतरलं ते करडं-पिवळं पाणी, आणि तोंडात घेतलं तर कडूजहर. त्या विचारतात, भावाला फसवलं का? जांभळा रंग गेला कुठे? आणि या चहात चांगलं-वाईट ओळखायचं कसं?

ताई, तुमच्या वर्णनावरून तरी फसवणूक वाटत नाही. त्या कपात मला बोअरचा दोष दिसतो, लिंबाएवढ्या तुकड्याचा दिसतो, चार मिनिटांचा दिसतो. चहापर्यंत अजून आपण पोहोचलोच नाही.

मी मुंबईत चहा चाखण्याची नोकरी वीसेक वर्षं केली. आसाम आणि निलगिरीचे कप रांगेत मांडायचे, चमच्याने सुर्रकन ओढायचं, थुंकायचं, पुढच्या कपाकडे सरकायचं. एवढा सराव असूनही युनानमध्ये पहिल्यांदा जांभळा पुअर समोर आला तेव्हा मी तुमच्यासारखाच कपात जांभळं शोधत बसलो. मंगहाई तालुक्यातलं एक घर होतं. यजमानीण बाई चहा ओतत होत्या आणि मी वहीत रंगाच्या नोंदी करत होतो. चौथ्या कपाला त्यांनी माझी वही मिटली, बाजूला ठेवली आणि भांड्याचं गरम झाकण माझ्या नाकाखाली धरलं. तिथून पुढे मी या चहाला नीट भेटलो.

आधी ‘कच्चा’ म्हणजे काय ते उरकून घेऊ. चिनी भाषेत त्याला शेंग म्हणतात (भुईमुगाशी संबंध नाही). युनानच्या मोठ्या पानाच्या जातीची पानं तोडून थोडी मरगळू द्यायची, मोठ्या तिरक्या कढईत हाताने परतायची, वळायची आणि उन्हात वाळवायची. मग वाफ देऊन वडी दाबायची. हिरवा चहा बहुतेकदा कढईत किंवा यंत्राच्या गरम हवेत कडकडीत वाळवतात. इथे ऊन वाळवतं, म्हणून पानात थोडा जीव शिल्लक राहतो आणि चहा वर्षानुवर्षं बदलत जातो. दुसरा प्रकार शू, म्हणजे पिकवलेला. त्यात ढीग ओला करून आंबवतात. ती रीत 1970च्या दशकात बसली. ‘पुअर म्हणजे मातीच्या वासाचा काळाकुट्ट चहा’ अशी ओळख आपल्याकडे याच शूमुळे झाली. तुमच्याकडे शेंग आहे. तो कपात फिकट पिवळा ते केशरी उतरतो, आणि नवा असताना कडू असतोच.

आता जांभळ्याकडे. इथे खरा गोंधळ आहे, कारण ‘जांभळा’ या एका शब्दाखाली बाजारात तीन वेगळी पानं विकली जातात. तिन्हींचं पाणी, वेळ आणि अपेक्षा वेगळ्या. आपल्याकडे कोणतं आहे हे ठरवल्याशिवाय किटली तापवण्यात अर्थ नाही.

पहिलं झिजुआन. ही ठरवून वाढवलेली जात आहे. 1985 साली मंगहाईच्या चहा संशोधन संस्थेच्या बागेत, लाखो झाडांमध्ये, एक झाड असं सापडलं की त्याचा कोंब जांभळा, पान जांभळं, देठसुद्धा जांभळं. त्याच्या फांद्या लावून लावून आजच्या सगळ्या झिजुआन बागा उभ्या राहिल्या. आता यातून एक बिनखर्चाची परीक्षा मिळते. ‘झिजुआन, पाचशे वर्षांच्या झाडाचा’ असं कोणी म्हणालं, किंवा 1970च्या दशकातली झिजुआनची वडी दाखवली, तर नमस्कार करून उठावं. त्या जातीचं बाळंतपणच 1985चं.

दुसरं झिया, म्हणजे नुसतं ‘जांभळा कोंब’. ही जात नाही, अवस्था आहे. चैत्रात आंब्याला पालवी फुटते तेव्हा कोवळी पानं तांबूस-जांभळी असतात आणि पंधरा दिवसांत हिरवी होतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. कुसुंबाचं तर अख्खं झाड लाल पेटल्यासारखं दिसतं. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून आडोसा हवा असतो, तो हा रंग देतो. युनानच्या जुन्या बागांत, डोंगरउतारावरच्या उन्हात, काही झाडांचे कोंब असेच जांभळे निघतात. शेजारच्या झाडाचे हिरवे, आणि त्याच झाडाचे पुढच्या खुडणीला कमी-जास्त जांभळे. ते वेगळे निवडून ठेवले की झिया. निवडायला माणसांचे हात लागतात, म्हणून महाग. तुमच्या भावाची वडी हीच असण्याची शक्यता जास्त आहे, कारण पुढे सांगतो त्याप्रमाणे झिजुआनने करड्या पाण्यातही थोडी निळसर झाक दाखवली असती.

तिसरं ये शेंग. यातला ‘शेंग’ आणि कच्च्या चहाचा ‘शेंग’ अक्षराने एकच, पण इथे अर्थ ‘रानात जन्मलेलं’. युनानच्याच दह्होंग आणि लिन्त्सांगच्या बाजूला चहाचे रानटी भाऊबंद वाढतात. काहींचे कोंब गर्द जांभळे असतात. वाळल्यावर हे कोंब लांबट, काळे, तुळतुळीत दिसतात. नेहमीच्या पुअरच्या कोंबावर असते ती चंदेरी लव यांच्यावर जवळजवळ नसते. लव नसणं ही बोटाने तपासता येणारी खूण आहे. रानटी चहाच्या प्रजाती चीनमध्ये संरक्षित वनस्पतींच्या यादीत आहेत, त्यामुळे ‘अरण्यातल्या हजार वर्षांच्या झाडावरून तोडला’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडून मी तरी घेत नाही. खरं असेल तर तोडायला नको होता, खोटं असेल तर घ्यायला नको.

ओळख पटवायचा उत्तम वेळ चहा पिऊन झाल्यावरचा. भिजलेली पानं पांढऱ्या बशीत पाण्यावर पसरा. झिजुआनचं पान निळसर, शाईत बुडवून काढल्यासारखं दिसतं आणि देठही तसाच गडद असतो. झियाचं पान हिरवट-तपकिरी, कडेला किंवा शिरेजवळ कुठे जांभळी छटा राहिली तर राहिली. ये शेंगचं पान जाडसर, कोंब मोठा आणि सोलपटासारखा उलगडणारा.

आता रंग कुठे गेला ते. चहातला जांभळा रंग म्हणजे अँथोसायनिन, जांभळात आणि कोकमात असतात तीच रंगद्रव्यं. यांचा स्वभाव असा की आंबट मिळालं की लाल-गुलाबी होतात, क्षार मिळाला की निळसर-करडे, आणि मधल्या पट्टीत जवळजवळ बिनरंगी. कोकम मुळात आंबट, म्हणून सरबत लालभडक. चहाचं पाणी अगदी सौम्य आंबट असतं, म्हणजे नेमकं या रंगाच्या मावळतीच्या पट्टीत. शिवाय पान कढईत तापून आलेलं असतं, आणि झियात मुळात रंग थोडा. तेव्हा झियाचा कप सोनेरी-पिवळा, क्वचित गुलाबी झाकेचा उतरला तर तो अगदी बरोबर आहे. ये शेंगचा फिकट मधासारखा. फक्त झिजुआनचं पहिलं-दुसरं पाणी पातळ जांभळट-गुलाबी दिसू शकतं, तेही पांढऱ्या कपात आणि दिवसाच्या उजेडात.

तुमचं बोअरचं पाणी दख्खनच्या काळ्या दगडातून येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. ज्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही त्या पाण्यात हा चहा करडा होणारच. वास बसतो, गोडी दबते, उरतो तो नुसता बोथट कडूपणा.

लिंबू पिळून रंग गुलाबी करून दाखवणारे विक्रेते पुष्कळ भेटतील. गोकर्णाच्या फुलांच्या निळ्या चहाची गंमत पाहिली असेल, तीच युक्ती. त्यातून पानात रंगद्रव्य आहे एवढंच कळतं. पान चांगलं आहे का, बनवणाऱ्याने कढईत जाळलं का, याबद्दल लिंबू काही बोलत नाही.

आणखी एक वाक्य ऐकवलं जातं: आठव्या शतकातल्या लू यूने आपल्या चहाच्या ग्रंथात ‘जांभळा श्रेष्ठ, हिरवा त्याखालोखाल’ असं लिहून ठेवलंय. लिहिलंय, खरं आहे. पण त्याने चहाचे जे प्रदेश सांगितले त्यांत युनान नाहीच. तो चीनच्या दुसऱ्या भागांतल्या चहाबद्दल बोलत होता. तेव्हाची बनवायची रीतही वेगळी, पानं वाफवून कुटायची. युनानच्या जांभळ्या वडीवर लू यूची सही मारणं म्हणजे कोल्हापुरी मिसळीवर ज्ञानेश्वरांचा अभिप्राय छापणं. गंमत अशी की हिरवा चहा बनवणारे उन्हाळ्यातल्या जांभळ्या कोंबांवर नाक मुरडतात. कडू होतो म्हणतात, आणि त्यांच्या कामापुरतं ते बरोबर आहे.

आता करायला घेऊ.

वडी मोडताना हाताने तुकडा उपटू नका, पानांचा चुरा होतो आणि चुरा सगळ्यात आधी कडू सोडतो. पोती शिवायचं दाभण घ्या, पण नवं. वडीच्या कडेतून आडवं घालून हलकेच उचला, पापुद्र्याने पापुद्रा सुटतो. दाभण कायम शरीरापासून दूर ढकलायचं; माझ्या डाव्या तळहातावर याची एक खूण आहे. एकदम पन्नासेक ग्रॅम सोडवून चिनी मातीच्या बरणीत दोन आठवडे ठेवा, म्हणजे गच्च दाबलेलं पान हवेला लागून सैल होतं आणि वास उघडतो. त्या बरणीत पूर्वी लोणचं नसावं. कितीही धुतली तरी नसावं.

पाणी धरणाच्या नळाचं घ्या, गाळून. तेही जड असेल तर विकतच्या बाटल्यांपैकी ज्यावर क्षार कमी लिहिलेत ती. घरच्या आरओ यंत्राचं पाणी फारच मोकळं असतं, त्यात चहा पोकळ लागतो. त्यात पाव हिस्सा नळाचं मिसळलं की जमतं. हा माझा घरचा हिशेब आहे, तुमच्या नळाप्रमाणे बदला.

तापमानाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे 1,890 मीटर उंचावर. तिथे पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं. तिथला दुकानदार ‘उकळतं पाणी घाला’ म्हणतो ते त्याच्या उकळीबद्दल. नाशिकला उकळी 98च्या जवळ, मुंबईत 100. म्हणजे त्याने सांगितलेली कृती तुम्ही तंतोतंत केली तरी चहाला चार अंशांचा जादा चटका बसतो. झियासाठी पाणी उकळलं की गॅस बंद करून झाकण काढा आणि मिनिटभर थांबा, पुरेसं आहे. झिजुआनला आणखी थंड, 85 ते 90. तो गरम पाण्याने लगेच तुरट होतो. ये शेंगला मात्र खळखळतंच द्या. तो हळू उघडतो, कोमट पाण्यात नुसता सुगंधी पाण्यासारखा लागतो.

भांडं लहान हवं, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तिकडे गायवान वापरतात, म्हणजे झाकणाची, बशीवरची छोटी वाटी, साधारण 100 मिलीलीटरची. नसेल तर चिनी मातीचा जाड छोटा कप, वर बशीचं झाकण आणि गाळणी, एवढ्यावर काम भागतं. लोखंडी भांडं किंवा डाव अजिबात नको. लोखंडी कढईत आवळा भिजवून केसांना काळा रंग करतात ना, तेच चहाचंही होतं. वजनकाटा घ्या, सोनाराचा नको, स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा चालेल. 100 मिलीला झिया 6 ग्रॅम, झिजुआन 5, ये शेंग 7. तुमचा लिंबाएवढा तुकडा माझ्या अंदाजाने वीस ग्रॅमच्या घरातला असावा.

भांडं गरम पाण्याने फिरवून ओता. त्या गरम भांड्यात कोरडी पानं टाका, झाकण लावा, तीनदा हलवा आणि झाकण उघडून वास घ्या. पुढे कपात काय येणार आहे त्याची निम्मी बातमी इथे मिळते. मग पहिलं पाणी घालून पाच सेकंदांत ओतून टाका, ते प्यायचं नाही. त्याने पान जागं होतं आणि धूळ जाते. दुसरं पाणी पाच-सहा सेकंद, तिसरं तेवढंच, चौथं आठ, पुढे दरवेळी थोडं वाढवत न्यायचं. प्रत्येक वेळी शेवटच्या थेंबापर्यंत ओता. भांड्यात चमचाभर पाणी उरलं तरी ते पानाला धरून बसतं आणि पुढच्या कपाला कडू करतं. आठ-दहा पाणी सहज निघतात. म्हणजे त्याच पानातून तुम्ही चार मिनिटांत जे एकदम ओढून घेतलंत ते तासाभरात पसरून घ्यायचं. कडूपणा नाहीसा होत नाही, त्याला रांगेत यायला लावता येतं.

दूध, साखर, आलं काही नाही. दूध घातलं तर रंग राखेसारखा होतो. एकदा घालून पाहा हवं तर, कुतूहल भागेल.

आता चव, जिथे मला खरं बोलायचंय. आपल्याकडचा चहा चाखताना आम्ही थुंकायचो, कारण जे कळायचं ते जिभेवरच कळायचं. या चहात तसं करून निम्मा चहा हुकतो. याची परीक्षा घोट गिळल्यानंतर सुरू होते.

तुम्ही आवळा खाल्लाय. आधी आंबट, मग तुरट, किंचित कडू, तोंड वाकडं. मग वरून घोटभर साधं पाणी प्यायलं की ते पाणी गोड लागतं. साखर कुठेच नसते. घशातून गोडी वर येते आणि तोंडाला पाणी सुटतं. चिनी लोक चहातल्या या परतीच्या गोडीला ह्वेइगान म्हणतात. आणि आवळा युनानमध्येही रानोमाळ होतो. त्याचं चिनी नाव ‘युगानत्झ’, म्हणजे मागे गोडी उरणारं फळ. मंगहाईच्या बाजारात मीठ-तिखट लावलेले आवळे पाहिले तेव्हा मला शाळेबाहेरची गाडीच आठवली. त्या यजमानीण बाईंनीही मला शेवटी चहा समजावला तो हातावर आवळा ठेवून. मधल्या दुभाष्याला काही बोलावंच लागलं नाही.

तर घोट तोंडात फिरवा, गिळा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा आणि मनात तीसपर्यंत मोजा. कडू कुठे लागलं ते बघा. चांगल्या झियात ते जिभेच्या मध्यावर आणि मागे लागतं, ठळक लागतं, आणि वीस मोजेपर्यंत विरघळून घशात गोडी ठेवतं. कडू आणि तुरट यांत गल्लत करू नका. कडू ही चव आहे, तुरटपणा हा स्पर्श आहे. कच्चं केळं किंवा हिरडा चावल्यावर गालाच्या आतून कातडं आवळल्यासारखं होतं, ते तुरट. कडू मोठं असून लवकर गेलं तर माझ्या हिशेबात चहा पास. तुरटपणा गालांना चिकटून पुढच्या दोन कपांपर्यंत राहिला तर नापास, मग वेष्टन कितीही सुंदर असो. जिभेच्या टोकावर टोचणी लागली आणि घसा कोरडा पडला तर पान उन्हाळी खुडणीचं किंवा घाईत बनवलेलं असण्याची शक्यता दाट. वसंतातला, एप्रिलच्या सुरुवातीच्या आसपासचा कोंब रंगाने फिका पण तोंडात भरीव. भर उन्हाळ्यातला दिसायला जास्त जांभळा आणि तोंडात जास्त राकट. म्हणजे ‘जितका जांभळा तितका भारी’ हे समीकरण खूपदा उलटं निघतं.

वासाचं म्हणाल तर माझ्या वहीत झिजुआनसमोर ‘जांभळाची साल, वाळलेली तुती’ असं लिहिलेलं सापडतं. एकदा ‘वांगं भाजताना सालीला येतो तो’ असंही. हे वाचून हसू येईल, पण एकदा तो वास सापडला की सुटत नाही. झियाला कच्च्या करवंदाचा चीक, वर उन्हात वाळलेल्या गवताचा वास, आणि रिकामा कप थंड झाला की त्यात मधासारखं काहीतरी. तो थंड कप जरूर हुंगा, चांगला चहा तिथे पाच-दहा मिनिटं राहतो. ये शेंग मला नेहमी दगडफुलाच्या डब्याची आठवण देतो. गोडा मसाला नव्हे, नुसतं दगडफूल, रानातलं, साल आणि शेवाळ, त्यात एखादं पांढरं फूल. अंगाने तो हलका. ज्यांना जिभेवर जाडी हवी त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

कढईत पान करपलं असेल तर धुराचा, जळक्या कागदाचा वास पहिल्या दोन पाण्यांत येतो. तिसऱ्यात गेला तर सोडून द्या. पाचव्यापर्यंत राहिला तर तो त्या चहाचा भाग झालाय. आणि दोष उघडे पाडायचे असतील तर धंद्यातली कडक परीक्षा करा: 3 ग्रॅम पान, 150 मिली उकळतं पाणी, पाच मिनिटं. हा कप पिण्यासाठी नसतो. तुम्ही पहिल्या दिवशी नकळत हीच परीक्षा केलीत, फक्त कितीतरी पट कडक.

औषधी गुणांबद्दल विचारलं नाहीत, तरी विचारलं जातं म्हणून सांगतो. जांभळा म्हणून वजन उतरतं, रक्तदाब उतरतो असं सांगणाऱ्यांना मी चहावाले म्हणत नाही. पोटाबद्दल मात्र सावध राहा. नवा शेंग रिकाम्या पोटी प्यायलात तर मळमळतं, हात थरथरतात, पित्ताची प्रकृती असेल तर दिवस वाया जातो. जेवणानंतर तासाभराने बसा, सोबत शेंगदाण्याची चिक्की ठेवा. रक्तात लोह कमी असेल तर जेवणाला लागून कुठलाच कडक चहा नको.

जांभळा चहा आपल्याकडेही होतो. अरुणाचलातल्या डोन्यी पोलो मळ्याचा जांभळा चहा 2018 साली गुवाहाटीच्या लिलावात किलोला 24,501 रुपयांना गेला. केनियाने 2011 साली आपली जांभळी जात शेतकऱ्यांना दिली. दोन्ही प्यावेत, पण ते पुअर नव्हेत. बनवायची रीत वेगळी, वर्षानुवर्षं बदलण्याचा गुण त्यांत नाही. पुअरच्या जवळचं नातं शोधायचं तर आसाम-अरुणाचलातल्या सिंगफो लोकांचा फालाप पाहावा, बांबूच्या नळीत ठासून चुलीवर धुरवलेला. जांभळा नसतो, पण दाबून ठेवून मुरवण्याची बुद्धी तीच.

राहिली वडी ठेवायची गोष्ट. झिजुआन असेल तर तीन-चार वर्षांत पिऊन टाका. त्याची मजा रंगात आणि कोवळ्या वासात आहे, दोन्ही उतरतात. झिया चांगला असेल तर मुरतो, कडू कमी होतं, रंग केशरीकडे जातो. मूळ कागद काढू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा मातीच्या भांड्यात, उन्हापासून आणि भिंतीपासून दूर ठेवा. फ्रीज नको, हवाबंद डबाही नको. नाशिकचा मे महिना कोरडा, तेव्हा चहा झोपून राहतो, बिघडत नाही. खरा धोका आषाढ-श्रावणात. त्या दोन महिन्यांत आठवड्याला एकदा उघडून वास घ्या. पांढरी लव दिसली तर ती कोंबाची आहे की बुरशीची हे भिंगातून बघा. कोंबाची लव पानाला चिकटून एका दिशेला झोपलेली असते, बुरशी उभी राहते आणि फुंकरीने हलते. ठाण्याला असताना माझ्या दोन वड्या मी कपड्यांच्या कपाटात ठेवल्या होत्या. बुरशीपासून वाचल्या, पण आजही त्यांना डांबरगोळीचा वास आहे. फेकवत नाहीत, पिववत नाहीत. तुमची वडी कपाट, देवघर आणि मसाल्याचा डबा या तिघांपासून लांब असू द्या.

आणि दहाव्या पाण्यानंतर ती पानं लगेच झाडाच्या कुंडीत टाकू नका. मुठीएवढी पानं लिटरभर माठाच्या पाण्यात घालून झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. कडू जवळजवळ नसतं, गोडी भरपूर असते. त्या ग्लासात मग हवं तर लिंबाचे चार थेंब पिळून बघा. झिजुआन निघालाच तुमचा, तर तो तिथे गुलाबी होऊ शकेल.